टॅग जागेवर, ठिपका वरच्या मजल्यावर: खोट्या अलर्टचा शोध कुठून सुरू करायचा

हॉस्पिटलात व्हीलचेअर, इन्फ्युजन पंप (सलाइन-औषध मोजून देणारं यंत्र), ईसीजी मशीन यांना ब्लूटूथ टॅग चिकटवलेले असतात. छताला बसवलेले गेटवे त्या टॅगचा सिग्नल ऐकतात. कुठल्या गेटवेला किती जोरात ऐकू आलं यावरून सर्व्हर ठरवतो की वस्तू कुठल्या मजल्यावर, कुठल्या वॉर्डात आहे, आणि नकाशावर ठिपका दाखवतो. त्याच्यावर आणखी एक प्रोग्राम असतो. नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं की तो अलर्ट पाठवतो. मुंबईतल्या हॉस्पिटलांत आणि गोदामांत ही सिस्टीम बसवणं आणि पुढे सांभाळणं हे माझं काम. तक्रार जवळजवळ नेहमी एकच येते: वस्तू हललेली नाही, पण ठिपका उड्या मारतोय आणि अलर्ट थांबत नाहीत.

आपल्याकडे हा त्रास जास्त का, तर मुंबईत इमारत आडवी पसरत नाही, उभी वाढते. मजल्यावर मजला, मधून लिफ्टची डक्ट, जिना, पाइपांची शाफ्ट. या पोकळ्यांतून सिग्नल आरामात वर-खाली जातो. दोन खोल्यांमधली गल्लत चालून जाते. मजल्याची गल्लत झाली की रात्री दोन वाजता सिस्टर पंप शोधत चौथ्यावरून पाचव्यावर धावते, आणि पंप चौथ्यावरच पडद्यामागे असतो.

फोनवर पहिली मागणी असते, "सेन्सिटिव्हिटी जरा कमी करून द्या." ते काम मी सगळ्यात शेवटी करतो, म्हणून या लेखातही ते शेवटी आहे. अलर्ट दाबले की कटकट थांबते, बिघाड तसाच राहतो. मग पंप खरोखर गेटबाहेर जातो त्या रात्रीही कोणाचा फोन वाजत नाही.

आधी लक्षण नीट बघा

कोण उडतंय, कुठे उडतंय आणि केव्हा उडतंय, हे तीन प्रश्न विचारले की अर्धं काम होतं.

एकच टॅग उडत असेल आणि शेजारचे शांत असतील तर दोष बहुधा त्या टॅगचा. एका भागातले सगळे टॅग एकदम वरच्या किंवा खालच्या मजल्यावर गेले असतील तर गेटवे बंद पडलाय. जवळचा गेटवे मुका झाला की टॅगचा आवाज आता सगळ्यात स्पष्ट ऐकू येतो तो डोक्यावरच्या मजल्यावरच्या गेटवेला, आणि सर्व्हर त्याच्यावरच विश्वास ठेवतो. एकाच कोपऱ्यात, पण दिवसभर चूक दिसत असेल तर तिथे काहीतरी नवीन आलंय किंवा हललंय. ठरावीक वेळीच उड्या असतील तर गर्दी, वायफाय किंवा कोणीतरी बंद केलेलं बटण. आठवड्यामागून आठवडे अलर्ट हळूहळू वाढत असतील तर सिस्टीमची "नेहमीचं काय" ही समजूत जुनी झालीय. अलर्टची वेळच चुकीची वाटत असेल, तर घड्याळ.

आणखी एक लक्षण आहे, त्याची तक्रार कोणीच करत नाही. नेहमी रोज दोन-चार अलर्ट येणाऱ्या जागी कित्येक दिवस एकही नाही. मला त्याची जास्त काळजी वाटते. टॅग गप्प आहे आणि सगळं ठीक आहे, या दोन गोष्टी डॅशबोर्डवर सारख्याच दिसतात. म्हणून "या टॅगकडून इतका वेळ काहीच आलेलं नाही" हा अलर्ट वेगळा आणि कायम चालू ठेवा.

पहिली तपासणी: जाऊन बघा

याला पैसा लागत नाही, तरीही हीच सगळ्यात जास्त टाळली जाते. डॅशबोर्डसमोर बसून तर्क करण्यापेक्षा वस्तू प्रत्यक्ष कुठे आहे ते बघा आणि वेळेसकट लिहून ठेवा. कधीकधी अलर्ट खरा असतो: कोणीतरी पंप खरंच वर नेलेला असतो. लिफ्टचंही ध्यानात ठेवा. ती पोलादी पेटी आहे, दार बंद झालं की टॅग गायब होतो आणि मिनिटाभराने तीन मजले वर उगवतो. प्रोग्रामला ती अशक्य उडी वाटते. यात दुरुस्त करण्यासारखं हार्डवेअर काही नाही. लिफ्टच्या दाराजवळची जागा नकाशावर वेगळी नोंदवून घ्या, म्हणजे तिथून तिथे झालेली उडी वैध धरता येते.

आणि तिथल्या माणसांना विचारा. परळच्या एका हॉस्पिटलात वॉर्डातल्या मावशींना मी विचारलं, "मावशी, इथे काही नवीन आलंय का हो?" त्या म्हणाल्या, "ते लोखंडी कपाट आणलंय ना त्यांनी, आणि सलाइनचे खोके ठेवायला जागा नाही म्हणून भिंतीला लावलेत." सर्व्हरच्या लॉगमध्ये दिवसभर डोकं घालून जे कळलं नसतं ते एका वाक्यात मिळालं. लोखंड सिग्नल परतवतं. सलाइन म्हणजे पाणी, आणि २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्यात जिरतो. छातीएवढ्या उंचीची सलाइनच्या खोक्यांची रांग ही सिग्नलच्या दृष्टीने एक नवीन भिंत आहे. माणसाचं शरीरही बहुतांश पाणीच, म्हणून ओपीडीच्या गर्दीत आकडे वेगळे येतात आणि रात्री वेगळे. गोदामात पावसाळ्यात ओल धरलेले पुठ्ठ्याचे खोके तेच करतात. गणपतीत लॉबीमध्ये चमकीच्या कागदाची आरास उभी राहिली की तिथले ठिपके इकडेतिकडे होतात. विसर्जनानंतर ते आपोआप जागेवर येतात, त्या दिवसांत सेटिंगला हात लावू नका.

टॅग आणि त्याचा सेल

सेल बदलणं स्वस्त आहे, म्हणून हे दुसरं. बऱ्याच टॅगमध्ये नाण्यासारखा लिथियम सेल असतो, सीआर२०३२ किंवा जाड सीआर२४७७. हा सेल आयुष्यातला बहुतेक काळ ३ व्होल्टच्या आसपास दाखवतो आणि शेवटी एकदम कोसळतो. मीटर लावला तर २.९ येईल आणि तुम्ही "सेल चांगला आहे" म्हणून पुढे जाल. पण टॅग सिग्नल फेकतो त्या क्षणी थकलेल्या सेलचा व्होल्टेज खाली बसतो आणि रीडिंग गळतं. अॅपमधली बॅटरीची पट्टीही अनेकदा व्होल्टेजवरूनच काढलेली असते, तिच्यावर विसंबू नका. नवा सेल घाला आणि दिवसभर बघा. मीटरपेक्षा ही परीक्षा खरी.

सेल काढलाच आहे तर आतल्या पट्ट्या बघा. समुद्राची खारी दमट हवा तांब्या-पितळेला सोडत नाही, हिरवट थर दिसेल. कोरड्या कापडाने पुसा, लागलं तर कॉन्टॅक्ट क्लीनर.

टॅग थेट लोखंडावर चिकटवला असेल तर तोही बिघाडच समजा. धातूला टेकलेली अँटेना आपल्या फ्रिक्वेन्सीवरून सरकते आणि आवाज मंदावतो. मध्ये काही मिलिमीटर जाडीचा फोम द्या, किंवा धातूसाठीच बनवलेला टॅग घ्या. व्हीलचेअरच्या सीटखाली लावलेला टॅग पेशंट बसला की झाकला जातो. पाठीमागच्या दांड्यावर लावा.

एक गोष्ट मात्र बिघाड नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १२ सेंटिमीटर असते. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, त्यामुळे ट्रॉली चार-पाच सेंटिमीटर सरकली तरी सिग्नल १० डेसिबलने (हे सिग्नलचा जोर मोजायचं एकक) वर-खाली होऊ शकतो. एकट्या रीडिंगवरून कधीच निष्कर्ष काढू नका.

गेटवे

डॅशबोर्डवर ऑनलाइन गेटवे किती आणि बसवले होते किती, हे दोन आकडे जुळवा. बहुतेक वेळा इथेच सापडतं. प्लगवर चालणारा गेटवे असेल तर बटण कोणी बंद केलं ते शोधा. रात्री वॉचमन लाइट बंद करत फिरतात, सफाईवाले मशीन लावायला प्लग काढतात. त्यांचं चुकत नाही, तो प्लग कशाचा ते त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. मराठी आणि हिंदी दोन्हीत मोठ्या अक्षरात पट्टी लावा, आणि वॉचमनमामांना एकदा नकाशा उघडून दाखवा. त्यानंतर तेच तुम्हाला फोन करून सांगतात की अमुक दिवा लागत नाहीये.

गेटवे चालू आहे पण कमी ऐकतोय, असंही होतं. एसीवाल्याने फॉल्स सीलिंग उघडलं, काम केलं आणि गेटवे परत लावताना वर केबल ट्रेला बांधून टाकला. खालून टाइल तशीच दिसते. पण आता गेटवे पत्र्याच्या ट्रेला टेकलाय, किंवा आधीच्या जागेपासून दोन मीटर सरकलाय, आणि सर्व्हरला वाटतंय तो जुन्याच जागी आहे. म्हणून बसवताना प्रत्येक गेटवेचा फोटो काढून ठेवा, आजूबाजूच्या दोन खुणा दिसतील असा.

घड्याळ

हे तपासायला पाच मिनिटं लागतात आणि कोणाला आठवत नाही. साध्या क्वार्ट्झ घड्याळाची चूक दहा लाखांत २० भाग धरली तर दिवसाला पावणेदोन सेकंद होतात, महिन्याला जवळपास ५२. दोन गेटवेंची घड्याळं इतकी फाटली की सर्व्हर एकाचं आत्ताचं आणि दुसऱ्याचं मिनिटापूर्वीचं रीडिंग एकत्र जोडतो, आणि चालती ट्रॉली दोन ठिकाणी दिसते. सगळी उपकरणं वेळ जुळवून देणाऱ्या एकाच एनटीपी सर्व्हरला जोडलेली आहेत ना, आणि फायरवॉल ते अडवत नाही ना, ते बघा.

दुसरा प्रकार साडेपाच तासांचा. एखादा भाग भारतीय वेळेत लिहितो, दुसरा ती वेळ जागतिक धरून वाचतो, किंवा याच्या उलट. सकाळी दहाची वर्दळ मग पहाटे साडेचारची ठरते किंवा दुपारी साडेतीनची. "रात्री अवेळी हालचाल" असा अलर्ट भर दिवसाच्या कामावर येत असेल तर दुसरं काही शोधूच नका.

वायफायचे चॅनल

टॅग आपली ओळख तीन ठरावीक फ्रिक्वेन्सींवर सांगतो: २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झ. वायफायचे चॅनल १, ६ आणि ११ यांच्या मधल्या फटींत आणि कडांना बसतील अशाच त्या निवडल्या आहेत. कोणी अॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा डबा) चॅनल ३ किंवा ४ वर टाकला, की तो थेट २४२६ वर बसतो. १३ नंबर २४८० ला झाकतो. २.४ मध्ये ४० मेगाहर्ट्झची रुंदी लावली तर फट उरतच नाही. नेटवर्कवाल्याला सांगा: २.४ वर फक्त १, ६, ११, रुंदी २०, बाकी लोकांना ५ गिगाहर्ट्झवर हलवा. शेजारच्या ऑफिसचं वायफाय आपल्या हातात नसतं, पण आपलं तरी असतं.

हवेच्या दाबाचा सेन्सर असेल तर

मजला ओळखायला काही टॅगमध्ये हा सेन्सर असतो. एक मीटर वर गेलं की दाब साधारण १२ पास्कलने कमी होतो, म्हणजे तीन मीटरच्या मजल्याला ३६. कल्पना चांगली आहे. पण आपल्या अक्षांशावर हवेचा दाब रोज लाटेसारखा चढतो-उतरतो: सकाळी दहाच्या सुमारास जास्त, दुपारी चारच्या सुमारास कमी, फरक दोन-तीन हेक्टोपास्कल. तीन हेक्टोपास्कल म्हणजे ३०० पास्कल, म्हणजे आठ मजले! त्यात पावसाळ्यात समुद्रावर कमी दाबाचा पट्टा आला की आणखी घसरण. बसवताना एकदाच मोजलेल्या दाबाशी तुलना करणारी सिस्टीम इथे टिकत नाही. इमारतीत एका ठरलेल्या मजल्यावर एक सेन्सर कायमचा ठेवा आणि प्रत्येक टॅगचा दाब त्याच क्षणी त्याच्याशी ताडून बघा. हवामान दोघांनाही सारखंच असतं, वजाबाकीत ते निघून जातं.

सिग्नलचा नकाशा पुन्हा काढणं

इथून पुढे वेळ आणि पैसा लागतो. खोलीखोलीत उभं राहून सिग्नल मोजायचा, त्याचा नकाशा करायचा आणि पुढे नवं रीडिंग त्याच्याशी जुळवायचं, ही पद्धत मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बहल आणि पद्मनाभन यांनी २००० साली 'रडार' या वायफायवरच्या प्रयोगात मांडली. दोन-तीन मीटरपर्यंत अचूकता त्यांनी दाखवली होती. अडचण पद्धतीत नाही. तो नकाशा मोजणीच्या दिवशीच्या इमारतीचा असतो. आज पार्टिशन हललं, उद्या कपाट आलं, परवा बेड वाढले, नकाशा तोच.

सगळी इमारत पुन्हा मोजायची गरज क्वचितच पडते. ज्या खोल्यांत बदल झाला तेवढ्याच करा, आणि दोनदा करा: एकदा गर्दीत, एकदा रात्री.

याहून चांगला उपाय म्हणजे प्रत्येक मजल्यावर दोन-तीन टॅग भिंतीला कायमचे लावून ठेवणं. मी त्यांना साक्षीदार म्हणतो. त्यांची जागा माहीत आहे, ते हलत नाहीत, म्हणून त्यांचा ठिपका हलला तर दोष सिस्टीमचा. ओळखीच्या जागी संदर्भाचे टॅग ठेवण्याची कल्पना आरएफआयडी (रेडिओने ओळख सांगणारे टॅग) यावरच्या 'लँडमार्क' या २००३ च्या संशोधनात आहे. तिथे ती अचूकता वाढवण्यासाठी होती, मी ती बिघाड ओळखायला वापरतो. साक्षीदार शांत आणि पंप उडतोय, तर पंपाचा टॅग बघा. साक्षीदारही उडतोय, तर पंपाकडे जाऊच नका.

आता थ्रेशोल्ड, म्हणजे अलर्ट कधी द्यायचा ती मर्यादा

एक हिशोब करा. २०० टॅग, प्रत्येकाचं मिनिटाला एक रीडिंग, दिवसाला २,८८,००० रीडिंग. सरासरीपासून तीन सिग्माबाहेर गेलं की अलर्ट, असा नियम लावला (सिग्मा म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप). काहीही बिघडलेलं नसताना, आकडे अगदी आदर्श पद्धतीने पसरलेले धरले तरी ०.२७ टक्के रीडिंग बाहेर पडणारच. म्हणजे रोज सुमारे ७७८ खोटे अलर्ट. चार सिग्मा केलं तर १८. पण सिग्नलचे आकडे आदर्श नसतात, एका बाजूला लांब शेपूट असतं, म्हणून खरी संख्या त्याहून वाढते. दुर्मीळ घटना शोधताना नियम थोडासा जरी ढिला असला तरी खरा अलर्ट खोट्यांत बुडतो, हे स्टीफन अॅक्सेलसन यांनी १९९९ मध्ये संगणकातली घुसखोरी ओळखण्याच्या संदर्भात मांडलं. आपल्या ठिपक्यांनाही ते तसंच लागू पडतं.

तेव्हा सिग्मा वाढवत बसण्याआधी हे बदला. सरासरीऐवजी मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) घ्या, आणि पसारा मोजायलाही मध्यकापासूनच्या अंतरांचा मध्यक. दोन-चार वेडीवाकडी रीडिंग त्याला हलवू शकत नाहीत. खोली बदलली असं मान्य करायला सलग काही रीडिंग एकाच बाजूची लागतील असा नियम घाला. दिवसपाळी, रात्रपाळी आणि रविवार यांची "नेहमीची" पातळी वेगवेगळी ठेवा.

आयसोलेशन फॉरेस्ट (वेगळे दिसणारे नमुने शोधणारी पद्धत) वापरत असाल तर त्यातलं कंटॅमिनेशन नावाचं सेटिंग उघडून बघा. लिऊ, टिंग आणि झोऊ यांची २००८ ची ही पद्धत चांगली आहे, पण नेहमीच्या सॉफ्टवेअर लायब्ररीत तो आकडा ०.०५ ठेवला की शिकवताना दिलेल्या डेटातले ५ टक्के नमुने ती विचित्र ठरवणार, इमारतीत सगळं सुरळीत असलं तरी. हा आकडा कोणी आणि का ठरवला, असं विचारलं की बरेचदा उत्तर मिळत नाही.

मॉडेल पुन्हा शिकवायचं असेल तर वरच्या सगळ्या तपासण्या झाल्यावरच. गेटवे बंद होता ते आठवडे शिकवणीत गेले तर मॉडेल बिघाडालाच नेहमीचं समजायला लागतं. मग दुरुस्ती केलेल्या दिवशी अलर्ट येतात आणि लोक दुरुस्तीवर खापर फोडतात.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

गेटवेचा अॅडॉप्टर गरम लागतोय, जळका वास येतोय किंवा एमसीबी पडतोय, तर हात लावू नका, लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवा. फॉल्स सीलिंगच्या वर उघड्या वायर दिसल्या किंवा मोठी शिडी लागत असली तरी तसंच. आयसीयू आणि ऑपरेशन थिएटरमध्ये बायोमेडिकल इंजिनिअरच्या परवानगीशिवाय काहीही हलवू नका. एमआरआयच्या खोलीत टॅग, स्क्रू-ड्रायव्हर, शिडी काहीच न्यायचं नाही. मशीन चालू नसतानाही चुंबक चालूच असतं.

टॅग वस्तूंचे नसून माणसांचे असतील, नवजात बाळाच्या पायातले किंवा विस्मरण झालेल्या आजोबांच्या हातातले, तर थ्रेशोल्डला स्वतः कधीच हात लावू नका. कंपनीचा इंजिनिअर आणि हॉस्पिटलचा सुरक्षा प्रमुख दोघांना बोलवा, आणि ते येईपर्यंत दारावर माणूस उभा करा.

एकच आयडी एकाच वेळी इमारतीच्या दोन टोकांना जोरात ऐकू येत असेल, घड्याळं बरोबर असतील आणि साक्षीदार शांत असतील, तर कोणीतरी टॅगची नक्कल केलेली असू शकते. साधे ब्लूटूथ टॅग आपली ओळख उघड्यावर सांगतात, ती उचलणं अवघड नाही. अशा वेळी काही रीस्टार्ट करू नका, लॉग पुसू नका, आयटी सुरक्षेच्या माणसाला कळवा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सायबर घटना सहा तासांत कळवायला सांगितलंय, त्यामुळे ही बाब सोमवारवर ढकलू नका.

आणि साक्षीदार टॅग लावले, नकाशा नव्याने काढला, तरी आठवड्याभरात तोच मजला पुन्हा चुकतोय, तर गेटवेंची संख्या किंवा जागा मुळात कमी पडतेय. ते रेडिओचं डिझाइन जाणणाऱ्याचं काम. तो येईल तेव्हा त्याच्या हातात चार गोष्टी द्या: गेल्या दोन आठवड्यांचे कच्चे लॉग, गेटवेच्या जागा दाखवणारा मजल्यांचा आराखडा, बसवतानाचे फोटो, आणि या काळात काय-काय हललं त्याची तारखेसकट यादी. ही यादी वॉर्डाच्या रजिस्टरात लिहीत जा, व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको. ग्रुपवरचं दोन दिवसांत खाली जातं, आणि कपाट कधी आलं ते मग मावशींनाच आठवावं लागतं.